दहा सेकंदांचा कॅमेरा

जुन्या मोबाईलच्या कॅमेऱ्याचा विषय निघाला की आजची मुलं हसतात. "सर, त्यात दिसायचं तरी काय? नुसता धूर!" त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण २००३ ते २०१० या सात-आठ वर्षांत आपल्या मोहल्ल्यांत, घरांत, मदरशांच्या जलशांत, लग्नांच्या मांडवांत जे टिपलं गेलं, त्याचा मोठा भाग याच धुरात आहे. त्याआधीचं आपल्याकडे स्टुडिओतले मोजके फोटो आणि व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या कॅसेटी. त्यानंतरचं स्मार्टफोनमध्ये, इतकं की कुणी बघतही नाही. मधली वर्षं मात्र टपाल तिकिटाएवढ्या चित्रांत अडकलेली आहेत. कॅमेरा चांगला होता की वाईट हा दुकानदाराचा प्रश्न झाला. इतिहास लिहिणाऱ्याला विचारायचं असतं, या कॅमेऱ्याच्या सांगण्यावर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही?

असा प्रश्न विचारायची रीत आपल्या परंपरेत फार जुनी आहे. हदीस जमवणाऱ्या विद्वानांनी मजकुराइतकाच तो सांगणाऱ्याचा, म्हणजे रावीचा, तपास केला. हा कुणाकडून ऐकून सांगतो, याची स्मरणशक्ती कशी, हा कुठे घसरतो, याच्या नोंदींचे जाडजूड ग्रंथ तयार झाले. त्या शास्त्राला अस्मा-उर्-रिजाल म्हणतात, आणि रावीचे गुणदोष ठरवण्याला जर्ह व तादील. मला त्यातली एक गोष्ट विशेष आवडते. रावीवर 'खरा' किंवा 'खोटा' असा एकच शिक्का मारून ते थांबत नसत. एखादा अमुक उस्तादाकडून सांगतो तेव्हा पक्का, तमुककडून सांगतो तेव्हा कच्चा, असंही लिहून ठेवत. इजिप्तचे काझी अब्दुल्लाह इब्न लहीआ हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. त्यांच्या वह्या जळाल्या असं सांगितलं जातं, आणि जळण्याआधी त्यांच्याकडून ज्यांनी ऐकलं त्यांच्या रिवायतीला पुष्कळ विद्वान अधिक वजन देतात.

मी एका जुन्या मोबाईलचा कॅमेरा याच पद्धतीनं तपासला. फोन आहे नोकिया ६६००.

माझे दुल्हाभाई कुवेतला होते. तिथून येताना त्यांनी हा फोन आणला आणि तो आपाच्या कपाटात पडून राहिला. शाळेत आम्ही मुलांकडून घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दख्खनी बोलीतले शब्द गोळा करून घेत होतो. तेव्हा आपा म्हणाली, "अम्मी-नानीच्या बोलण्याच्या क्लिपा त्या जुन्या फोनात असतील बघ." तिथून हे काम सुरू झालं.

फोनची माहिती आधी सांगतो. ६६०० जाहीर झाला जून २००३ मध्ये आणि त्याच वर्षाअखेरीस विकायला आला. अंड्यासारखा गोलसर, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, पडदा १७६ बाय २०८ ठिपक्यांचा. आत सिंबियन ही प्रणाली, ब्लूटूथ, इन्फ्रारेड, आणि मागच्या बाजूला कार्ड घालायची सोय. ते कार्ड ३२ एमबीचं. आज एका नमस्काराच्या व्हिडिओलाही तेवढी जागा पुरत नाही. आखातातून येणाऱ्यांच्या बॅगेत किंवा मुंबईच्या मनीष मार्केटात ज्यांनी हा फोन तेव्हा पाहिला असेल, त्यांना त्याचा रुबाब आठवत असेल. खिशातून नुसता काढला तरी चारजण वळून बघायचे.

फोनमध्ये कॅमेरा बसवण्याची कल्पना तेव्हा फार जुनी नव्हती. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियात फिलिप कान या अभियंत्यानं दवाखान्यात नवजात मुलीचा फोटो काढून मोबाईलच्या साहाय्यानं ओळखीच्या लोकांना पाठवला. पण त्यासाठी त्यानं डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि फोन एकमेकांना जोडून घेतले होते. नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये शार्प कंपनीचा जे-एसएच०४ आला. त्यात कॅमेरा आतच होता, सुमारे १ लाख १० हजार ठिपक्यांचा. नोकियाचा पहिला अंगचा कॅमेरा २००२ मध्ये ७६५० या फोनात आला, आणि ६६०० मध्ये स्थिर फोटोसोबत आवाजासह चलचित्रही काढता येत होतं. हे सगळं परवडलं ते सीमॉस नावाच्या संवेदक-चिपमुळे. कमी वीज खाणारी आणि स्वस्त अशी ती चिप नसती तर फोनच्या बॅटरीवर कॅमेरा चालवणं अवघड गेलं असतं.

इथे थोडं विषयांतर करतो. आपल्या गटांवर एक संदेश फिरत असतो : कॅमेरा हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला आणि कॅमेऱ्याचा शोध इब्न-उल्-हैसमनं लावला. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला हा विद्वान खरोखर मोठा होता. बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागी उमटणाऱ्या प्रतिमेवर त्यानं पद्धतशीर प्रयोग केले, ग्रहणाच्या वेळी दिसणाऱ्या आकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या 'किताब-उल्-मनाज़िर'चा युरोपवर शतकानुशतकं प्रभाव राहिला. पण छिद्रातून प्रतिमा उमटते हे त्याच्याआधी चीनमध्ये आणि ग्रीकांनाही ठाऊक होतं. आणि 'कॅमेरा' शब्द लॅटिन आहे, अर्थ कमानदार छताची खोली. मजा अशी की आपल्या बोलण्यातला 'कमरा' त्याच घराण्यातला आहे. तो पोर्तुगीजांच्या 'कामारा'वरून आपल्याकडे आला, म्हणजे गोवा-वसईच्या वाटेनं. कॅमेरा आणि कमरा हे एकाच खोलीतले दोन भाऊ, पण अरबस्तानातले नव्हेत. इब्न-उल्-हैसमची थोरवी सांगायला खोट्या व्युत्पत्तीची गरज पडत नाही.

आता परीक्षा.

फोटो ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. मेगापिक्सेलच्या हिशेबात पाव मेगापिक्सेलपेक्षा थोडा जास्त. स्टुडिओच्या दर्जानं, इंचाला ३०० ठिपके धरून छापला तर सव्वादोन इंचही रुंद होत नाही. पासपोर्ट फोटोपुरता. फ्लॅश नाही. फोकस कायमचा ठरलेला, त्यामुळे फार जवळचं पुसट. झूम दुप्पट, पण डिजिटल. म्हणजे चित्राचा मधला भाग कापून ताणायचा, नवीन काही दिसत नाही.

दुपारच्या उन्हात मशिदीच्या अंगणात उभ्या माणसांचा फोटो आजही चालून जातो. माणूस ओळखू येतो, त्याची ठेवण, टोपी, दाढी, शेजारी कोण उभं आहे, हे सगळं कळतं. संध्याकाळ झाली की कॅमेरा अडखळू लागतो. ट्यूबलाइटखाली चित्रभर रंगीत दाणे पेरल्यासारखे दिसतात. 'नाइट' पर्याय लावला तर उजेड वाढतो, पण हात जरा हलला की माणसाचा नुसता फराटा उरतो. पिवळ्या दिव्याखाली पांढरं कापड केशरी दिसतं. मी पांढरा रुमाल, हिरवी चादर आणि निळी ओढणी एकत्र ठेवून दिव्याखाली फोटो काढला, तर हिरवं आणि निळं सांगता येईना. कपड्याच्या आणि झेंड्याच्या रंगावरून माणसाची बाजू ठरवणाऱ्या आपल्या देशात ही बारीकसारीक बाब नाही. रात्रीच्या दिव्यात या फोननं काढलेल्या फोटोतल्या रंगावर कुणी काही सिद्ध करू लागला, तर मी त्याला तिथेच थांबवीन.

मग अक्षरांची परीक्षा घेतली. शिक्षकाची खोड, दुसरं काय. उर्दूचं वाचनपुस्तक आणि मराठीची बालभारती शेजारी शेजारी उघडून दोन फुटांवरून फोटो काढला. एवढ्या अंतरावर पानाच्या एका मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम एखादा ठिपका येतो. मराठीचं मोठं शीर्षक वाचता आलं. खालच्या मजकुरात शिरोरेघा दिसल्या, काही शब्द अंदाजानं लागले. उर्दूचं मात्र वाटोळं झालं. आपली अर्धी वर्णमाला नुक्त्यांवर उभी आहे. बे, पे, ते, से या चारही अक्षरांचं अंग एकच. खाली एक नुक्ता की बे, खाली तीन की पे, वर दोन की ते, वर तीन की से. नुक्ता गेला की नबीचा बनी होतो आणि वाचणाऱ्याला कळतही नाही. जवळ गेलो तर फोकस नाही, लांब गेलो तर ठिपके पुरत नाहीत. त्या काळात कुणी निकाहनाम्याचा किंवा वक्फच्या कागदाचा फोटो या कॅमेऱ्यानं काढून ठेवला असेल, तर कागद होता एवढंच त्यावरून म्हणता येईल. त्यावर कुणाचं नाव होतं, हे नाही. दुकानाच्या पाट्या, मैलाचे दगड, बॅनर मात्र चांगले येतात.

खरा अभ्यास आहे तो चलचित्राचा.

६६०० वर चलचित्राचे दोन आकार होते : १२८ बाय ९६ आणि १७६ बाय १४४. एक क्लिप सुमारे दहा सेकंदांची. पुढे काही जण बाहेरचं अॅप घालून ही मर्यादा ओलांडायचे, पण बहुतेकांच्या हाती दहा सेकंदच होते. एवढंच का? तेव्हाचा चलचित्राचा मुख्य उपयोग एमएमएसनं पाठवणं हा धरलेला होता, आणि त्या संदेशात शंभर केबीच्या आसपास माल बसायचा. कॅमेऱ्याला मेमरीपेक्षा टपालानं बांधून ठेवलं होतं.

चित्र साठवण्याची पद्धत होती एच.२६३. ती १९९०च्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना बघत बोलता यावं म्हणून बनवली होती. ती चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि ज्या चौकोनात बदल झाला तेवढाच नव्यानं नोंदवते. १२८ बाय ९६ च्या चित्रात असे चौकोन किती? आडवे आठ, उभे सहा, एकूण अठ्ठेचाळीस. अख्खं जग अठ्ठेचाळीस खणांत. समोर एकच माणूस बसून बोलत असेल, मागची भिंत स्थिर असेल, तर ही युक्ती छान चालते, कारण ती त्यासाठीच केलेली आहे. पण मिरवणूक, वरात, गर्दी, पळापळ असेल तर सगळेच खण एकदम बदलतात, हिशेब कोलमडतो आणि चित्राच्या विटा होतात. वीस-पंचवीस फुटांवरच्या माणसाचं डोकं एका खणापेक्षा लहान असतं. त्या खणातल्या माणसाला नाव देणं म्हणजे ढगात चेहरा पाहणं.

आणि हे दहा सेकंद. कुठल्याही भांडणाच्या, दंगलीच्या क्लिपेत दगड हवेत दिसतो. तो का सुटला, त्याआधी काय झालं, हे दिसत नाही. कारण फोन खिशातून निघून कॅमेरा सुरू होईपर्यंत ते होऊन गेलेलं असतं, आणि पुढचं घडायच्या आत क्लिप संपते. मुहद्दिसांच्या भाषेत ही अर्धवट रिवायत. ती खोटी नसते. फक्त तिच्यावर पूर्ण घटनेचा हुकूम लावता येत नाही.

आवाजाचं काय? मला या तपासणीत सर्वांत मोलाचं मिळालं ते इथे. आवाज एएमआर पद्धतीनं साठवला जातो. तीही दूरध्वनीचीच. सेकंदाला ८,००० नमुने घेते, त्यामुळे उंच पट्टीतले बारीक आवाज गळून जातात. आणि समोर माणसाचा कंठ आहे असं गृहीत धरूनच ती काम करते. घसा, तोंड, श्वास यांचं जणू गणित मांडते. म्हणून एक माणूस बोलत असेल तर आवाज आश्चर्य वाटावं इतका खरा उतरतो. बोलण्याचा ठेका, हेल, मधला उसासा, शब्द कुठे तोडला, सगळं. पण कव्वाली लावा. हार्मोनियम, टाळ्या आणि चार गळे एकत्र आले की गणित गोंधळतं आणि पाण्याखालून कुणी गातंय असं वाटतं. कुराणाच्या किरअतचं तर अवघडच. 'से' आणि 'फे' यांतला फरक ज्या बारीक सिसकारीत असतो, ती याच गळून जाणाऱ्या पट्टीत असते. तजवीदच्या उस्तादानं या क्लिपेवरून कुणाचा उच्चार तपासू नये. दख्खनीचे शब्द, म्हणी, बोलण्याची लकब जमवणाऱ्यानं मात्र ती जरूर ऐकावी.

म्हणजे या रावीबद्दल माझं मत असं : डोळ्यानं कच्चा, कानानं बराच पक्का, तोही एकट्या माणसाचं बोलणं ऐकत असेल तेव्हा.

मोबाईलच्या कानानं इतिहास कसा बदलतो हे सगळ्या जगानं ३० डिसेंबर २००६ रोजी पाहिलं. त्या दिवशी पहाटे बगदादमध्ये सद्दाम हुसैनला फाशी दिली. इराकमधल्या सुन्नींची बकरी ईद त्याच दिवशी सुरू होत होती. सरकारनं दूरचित्रवाणीला दिलेलं चित्रण मुकं होतं आणि फास अडकवण्यापाशी थांबत होतं. सगळं शांत, शिस्तीत. थोड्याच वेळात मोबाईलवर काढलेली दुसरी चित्रफीत इंटरनेटवर आली. हलणारी, अंधारी, खालून वर काढलेली. चित्र म्हणून सरकारी चित्रण शंभर पटींनी सरस होतं. पण मोबाईलमध्ये आवाज होता. मुक्तदाच्या नावाचा गजर, टोमणे, आणि दुसऱ्यांदा कलिमा म्हणत असताना मध्येच उघडलेला खालचा दरवाजा. न्यायालयाची शिक्षा अमलात येत होती की सूड उगवला जात होता, हा प्रश्न त्या आवाजानं उभा केला. सद्दामनं काय काय केलं ते विसरून मी हे म्हणत नाही. दुजैलमधल्या १४८ शियांच्या हत्येसाठी ती शिक्षा होती, आणि हलबजाच्या कुर्दांवर १९८८ मध्ये सोडलेला विषारी वायू कुणी विसरू नये. मुद्दा साधनाचा आहे. स्वच्छ कॅमेऱ्यानं जे लपवलं ते खराब कॅमेऱ्यानं सांगितलं.

हे साधन लोकांच्या हाती आलं तेव्हा भीतीही पसरली. दक्षिण कोरियानं २००३ मध्ये ठरवलं की फोटो काढताना फोननं किमान ६५ डेसिबलचा आवाज करायचा, म्हणजे चोरून कुणाचा फोटो काढता येऊ नये. सौदी अरबस्तानात कॅमेऱ्याच्या फोनवर बंदीच होती. २००४ मध्ये तिथल्या ग्रँड मुफ्तींनी या फोनविरुद्ध कडक शब्द वापरले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारनं बंदी उठवली. लोक आधीच फोन घेऊन फिरत होते. कारण मुख्यतः एकच होतं, लग्नातला जनाना. आपल्याकडेही तेच झालं. व्हिडिओ शूटिंगवाला पुरुष, त्याचा तो प्रखर दिवा, म्हणून जनान्याचं चित्रण अनेक घरांत होतच नसे. मोबाईल आला आणि बायकांनीच बायकांना टिपायला सुरुवात केली. ढोलकी, हळदीची गाणी, नवरीची मस्करी, हे सगळं पहिल्यांदा आतून नोंदलं गेलं. त्यासोबत धास्तीही आली, कारण ब्लूटूथवरून क्लिप शेजारच्या खोलीत जाते आणि कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं की पासवर्ड नसेल तर सगळं उघडं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पुरुषांनी मात्र बहुतेक वेळा दुसरीवरच भाषणं दिली.

तस्वीर जायज की नाजायज हा वाद त्याहून जुना आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल्-मुतीई यांनी म्हटलं होतं की छायाचित्र ही माणसानं केलेली निर्मिती नव्हे, ती अडवून ठेवलेली सावली आहे. आपल्या भागातल्या बहुतेक देवबंदी उलमांना हे पटलं नाही. मुफ्ती मुहम्मद शफी यांनी तस्वीरविरोधी बाजू सविस्तर मांडली. पुढे त्यांचेच चिरंजीव मुफ्ती तकी उस्मानी म्हणाले की पडद्यावरचं डिजिटल चित्र कागदावर छापलं जात नाही तोवर त्याला तस्वीरचा हुकूम सरसकट लागू होत नाही. बाप आणि बेटा यांच्यामध्ये तंत्रज्ञान बदललं होतं. २०१३ मध्ये देवबंदमधून पुन्हा छायाचित्रण नाजायज असल्याचंच सांगण्यात आलं. वाद मिटलेला नाही, आणि मिटवण्याची माझी पात्रताही नाही.

माझ्या नानीचा या वादातला निर्णय कायम होता : फोटो नाही. मतदार ओळखपत्रावरचा एक सोडला तर तिचा फोटो नव्हता. आपाच्या त्या फोनात तिची एक क्लिप निघाली. दुल्हाभाईंनी काढलेली. नानीनं फोन समोर आलेला पाहून ओढणी तोंडावर घेतली आणि तशीच बोलत राहिली. चित्रात भिंत आहे, एक फिकट डाग आहे, बस. आवाज मात्र स्वच्छ. "ये क्या मेरे मूं कू लगाया रे, नक्को बोली ना..." आणि मग भाकरीच्या पिठाविषयी काहीतरी. दहाव्या सेकंदाला शब्द तुटतो.

आपाच्या मुलानं ती क्लिप मोठ्या हौशीनं एका 'सुधारणाऱ्या' अॅपमध्ये घातली. बाहेर आलं ते पाहून घरात दोन तट पडले. डागाच्या जागी एक म्हातारी बाई होती. गुळगुळीत कातडी, नीट ओळीत दात, कपाळावर केस. नानीला तेव्हा समोरचे दात नव्हते. धाकटी खाला रडली, म्हणाली, "हुबेहूब अम्मी." अम्मी म्हणाली, "ही कोण आहे?" भाचा माझ्याकडे बघत होता, कारण इतिहासाच्या गोष्टी मी सांगतो. मी त्याला अठ्ठेचाळीस खणांचा हिशेब दाखवला. ओढणीमागचा चेहरा त्या फायलीत कधी नव्हताच. कमी असलेलं वाढवता येतं, नसलेलं फक्त बनवता येतं. आणि इथे तर ज्या बाईनं जाणूनबुजून चेहरा झाकला, तिला यंत्रानं विचारल्याशिवाय दुसरीचा चेहरा लावला. खालाला मी तेव्हा काही बोललो नाही. तिच्या फोनात ते चित्र अजून आहे.

पण घरच्या संग्रहात काय जाईल याबाबत मी हट्ट धरला. मूळ थ्रीजीपी फाइल जशीच्या तशी. तिच्यासोबत एक कागद : फोन कोणता, क्लिप कुणी काढली, कुठे, कुणाच्या कपाटातून मिळाली, कोणी केव्हा कॉपी केली. म्हणजे सनद, किंवा मुहद्दिसांचा इस्नाद. तारखेच्या रकान्यात मी फाइलवरची तारीख लिहिली नाही. बॅटरी वर्षानुवर्षं मेलेली असली की फोनचं घड्याळ भलतीच तारीख दाखवतं, आणि कॉपी करताना फाइलची तारीख अनेकदा बदलते. त्यापेक्षा नानीच्या मागे भिंतीवर नवा चुना दिसतो आणि तो कोणत्या रमज़ानआधी दिला होता हे अम्मीला पक्कं आठवतं, ती साक्ष बरी.

कायदाही अशीच वाट चालतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नं पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातलं, आणि त्याचा नीट अर्थ लागला तो आपल्या जालन्याच्या एका खटल्यात. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणात होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावानं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. पण मूळ उपकरणच मालकानं न्यायालयात हजर केलं आणि ते आपलं असल्याचं सिद्ध केलं, तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, द्यावा लागतो. तेव्हा क्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवून फोन भंगारात देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. व्हॉट्सअॅप चित्रफीत नव्यानं दाबून पाठवतं. ती दुसरीच फाइल होते, आणि मूळ साक्षीदार भंगारवाल्याच्या पोत्यात गेलेला असतो.

इब्न लहीआच्या वह्या आगीत गेल्या. आपल्या वह्या आग न लागताही जातील, कारण कार्डातली साठवण विजेच्या सूक्ष्म भारावर असते आणि वापराविना पडलेल्या कार्डातला तो हळूहळू झिरपून जातो. या फोनवरच्या ज्या फायली मी उघडल्या, त्यांतल्या चार उघडल्याच नाहीत. त्यांत काय होतं ते आता आपालाही आठवत नाही.

तुमच्या घरी ६६०० किंवा त्याच्या पिढीचा फोन असेल तर काही कामाच्या गोष्टी. त्याला जुना, जाड पिनचा चार्जर लागतो. नंतरच्या नोकियांचा बारीक पिनचा चालत नाही. आतली बॅटरी बीएल-५सी. फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका. २००७ मध्ये याच मॉडेलच्या, एका विशिष्ट काळात बनलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल, त्या तापतात म्हणून, कंपनीनंच सूचना काढली होती. तशीच नवी बॅटरी मोबाईलच्या कुठल्याही छोट्या दुकानात मिळते, कारण स्वस्तातल्या एफएम रेडिओत अजून तीच घालतात. मागचं कार्ड एसडी कार्डाच्या रीडरमध्ये बहुधा बसतं. नाही बसलं तर ब्लूटूथवरून अँड्रॉइड फोनवर फाइल घेता येते, आयफोनवर नाही. थ्रीजीपी संगणकावर व्हीएलसीमध्ये चालतं. ऐकताना हेडफोन लावा, आणि पहिल्यांदा ऐकाल तेव्हा घरातलं एखादं जुनं माणूस शेजारी बसवा. आवाज कुणाचा ते तेच सांगू शकेल, चित्रावरून तुम्हाला कळणार नाही.